सराव पाठासाठी पहिल्यांदा वर्गात जाताना: कोकणातल्या छात्राध्यापकांसाठी

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि शाळेत घालवायचा काळ वाढला. एन.सी.टी.ई.च्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या) २०१४ च्या नियमांप्रमाणे हा काळ किमान २० आठवड्यांचा आहे, साधारण पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. कॉलेजात सूक्ष्म अध्यापन झालेलं असतं, म्हणजे समोर आपलेच सहाध्यायी बसवून घेतलेले पाच-सात मिनिटांचे पाठ. त्यानंतर एका सोमवारी सातवी किंवा आठवीच्या वर्गात उभं राहावं लागतं आणि समोर १२-१३ वर्षांची ४०-४२ मुलं असतात.

तुमच्या लेखी तो सराव पाठ असतो. मुलांच्या लेखी तो आठवीच्या विज्ञानाचा खरा तास असतो. तुमच्याकडून तो घटक कच्चा राहिला, तर विषयशिक्षकांना तो पुन्हा घ्यायला वेळ मिळेलच असं नाही. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचावं.

जायच्या आधी शाळा पाहून या

रुजू व्हायच्या किमान आठवडाभर आधी एकदा शाळेत जा. कॉलेजचं पत्र घेऊन आधी मुख्याध्यापकांना भेटा, मग ज्यांच्या तासांवर तुम्ही जाणार त्या मार्गदर्शक शिक्षकांना. त्यांना विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. तुमच्या वर्गाचा पट किती आणि रोज प्रत्यक्ष किती मुलं येतात, तास ३५ मिनिटांचा की ४० चा, वार्षिक नियोजनात कोणता घटक कुठवर आला आहे, प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे असते, आणि वर्गात वीज व प्लग चालू आहे का. शेवटचा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत. मग लॅपटॉपवरचा पाठ घेऊन जातात आणि वर्गात प्लगच्या जागी दोन वायरी लोंबत असतात.

शाळेच्या वेळेलाच त्या रस्त्याने एकदा प्रवास करून पाहा. कोकणात शाळेजवळून जाणारी एस.टी. सकाळी एक आणि दुपारी एक एवढीच असू शकते. सकाळची चुकली तर परिपाठ चुकतो. परिपाठात प्रार्थना, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या असं सगळं होतं आणि नवीन शिक्षकाला सगळी शाळा पहिल्यांदा तिथेच पाहते. डेपोत चौकशी करून वस्तीची गाडी कुठे मुक्कामाला असते, किती वाजता सुटते ते लिहून घ्या. पावसाळा असेल तर शाळेत कपड्यांचा एक कोरडा जोड ठेवा. टाचणवही (पाठाचं टाचण, म्हणजे लेखी नियोजन, असलेली वही) आणि तक्ते प्लास्टिकच्या पिशवीत हवेत. तक्ते गुंडाळून न्यायला प्लंबिंगच्या तीन इंच व्यासाच्या पी.व्ही.सी. पाइपचा तुकडा आणि दोन टोकांना झाकणं घेतली, की ते वर्षभर टिकतात.

पहिले चार दिवस मागच्या बाकावर

पाठ सुरू होण्याआधी निरीक्षणाचे दिवस मिळतात. अनेक जण ते टाचणं काढण्यात घालवतात आणि पुढे सगळा काळ त्याची किंमत मोजतात. या दिवसांत एकच काम महत्त्वाचं, मुलं ओळखणं.

एका कोऱ्या कागदावर वर्गातली बाकं काढा. पहिल्या दिवशी कॅटलॉग, म्हणजे हजेरी, घेताना प्रत्येक नाव त्या त्या बाकावर लिहा. रोज १० नावं पाठ करायची, म्हणजे चार दिवसांत ४० होतात. आडनावावरून ओळखायला जाऊ नका. एकाच वाडीतून येणाऱ्या मुलांत अर्ध्या वर्गाचं आडनाव एकच असू शकतं, आणि “ए पाटील” म्हटल्यावर सहा माना वळतात. मुलं एकमेकांना हाक मारतात ती टोपणनावं मात्र तुमच्या तोंडी येऊ देऊ नका. त्यातली निम्मी चिडवण्याची असतात, हे नवीन माणसाला कळत नाही.

त्याच कागदावर नावाखाली बारीक अक्षरात आणखी तीन गोष्टी टिपा: मूल कुठल्या वाडीतून आणि कसं येतं, चष्मा आहे का किंवा फळा बघताना डोळे बारीक करतं का, आणि वर्गात आपणहून बोलतं का. पहिल्या गोष्टीला इकडे फार अर्थ आहे. पऱ्या किंवा व्हाळ (ओढा) ओलांडून, साकवावरून (छोट्या पुलावरून) येणारं मूल पाणी चढलं की येत नाही आणि चढायच्या बेतात असलं की लवकर निघतं. त्याला गैरहजेरीबद्दल वर्गासमोर झापलं, तर ते दुसऱ्या दिवशीही येत नाही. चार किलोमीटर घाटी चढून आलेलं मूल पहिल्या तासाला दमलेलं असतं. ओल्या गणवेशात बसलेल्या मुलाचं लक्ष पहिली २० मिनिटं थंडीकडे असतं. रत्नागिरीच्या बाजूला आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांतली मुलंही वर्गात असू शकतात. ती मराठी चांगली बोलतात, पण घरी अभ्यास बघणारं कुणी मराठी वाचत नसतं, म्हणून गृहपाठाची सूचना त्यांना वर्गातच पूर्ण कळायला हवी.

मार्गदर्शक शिक्षक वर्ग कसा सांभाळतात तेही बघा: वर्ग शांत करायला ते काय करतात, वह्या कुठे ठेवायला लावतात, पाणी प्यायला कधी सोडतात. ते नियम पटोत न पटोत, तुम्ही आहात तोवर तेच चालू ठेवा. दोन शिक्षकांचे दोन नियम झाले की १३ वर्षांचं मूल त्यांच्यातली फट एका दिवसात शोधतं.

टाचण मिनिटांवर काढा

३५ मिनिटांच्या तासात शिकवायला मिळतात साधारण २६ ते २८ मिनिटं. आधीचे शिक्षक बाहेर पडणं, मुलांनी पुस्तकं काढणं, कॅटलॉग, शेवटी गृहपाठ उतरवून घेणं, यांत उरलेली जातात. नवीन छात्राध्यापकाचं टाचण नेहमी ३५ मिनिटांचं असतं, आणि म्हणून घंटा होते तेव्हा तो सारांशापर्यंत पोचलेला नसतो. टाचणाच्या समासात प्रत्येक पायरीपुढे घड्याळातली वेळ लिहा. “प्रस्तावना ४ मिनिटं” असं लिहिण्याऐवजी “११.४५ ते ११.४९” लिहा. वर्गात उभं राहून बेरजा करायला डोकं मोकळं नसतं.

उद्दिष्टाचं वाक्य तपासता येईल असं हवं. “विद्यार्थ्यांना कमिशन समजते” हे तपासायचं कसं? “विद्यार्थी विक्रीची रक्कम आणि शेकडा दर दिल्यावर कमिशन व मालकाच्या हाती येणारी रक्कम काढतो” हे दोन उदाहरणांत तपासता येतं. आठवीच्या गणितात सूट व कमिशन हा घटक आहेच, आणि आंबा बागायतदारांच्या गावात तो शिकवायला बाहेरून उदाहरण आणायची गरज नाही. ४० पेट्या वाशीला गेल्या, पेटीला २००० रुपये भाव मिळाला, दलालाने शेकडा ८ घेतले, तर घरी किती आले? आकडे सोपे, कल्पित घ्या आणि कल्पित आहेत हे सांगा. नाहीतर एखादा मुलगा हात वर करून यंदाचा खरा भाव सांगतो आणि तास तिकडे जातो. शिवाय वर्गातल्या कुणाच्याही घरच्या बागेचा, कर्जाचा, होडीचा हिशोब उदाहरणात घेऊ नका. मुलांना ते लागतं.

एक तास पूर्ण मांडून: आठवी, आम्ल-आम्लारी ओळख

जास्वंद प्रत्येक अंगणात असते. लाल जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो. ४२ मुलांसाठी लागणारं साहित्य असं.

१५ लाल फुलांच्या पाकळ्या, फक्त पाकळ्या. पाव लिटर गरम पाण्यात १५ मिनिटं ठेवून गाळून घ्यायच्या. हे त्याच दिवशी सकाळी करा, आदल्या रात्रीचा अर्क दमट हवेत बिघडतो. मुलांचे सहा-सहाचे सात गट. प्रत्येक गटाला पाच नमुने आणि प्रत्येक नमुन्यात चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर अर्क. एकूण लागतो १७५ मिलिलिटर, बाकीचा सांडण्यासाठी. नमुने: लिंबाचा रस, चिंचेचं पाणी, मिठाचं पाणी, खायच्या सोड्याचं पाणी आणि चुन्याची निवळी. निवळीसाठी पानाचा चुना आदल्या रात्री पाण्यात ढवळून ठेवायचा आणि सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने ओतून घ्यायचं.

भांडं पांढरंच हवं. करवंट्या हाताशी असतात, फुकट असतात, आणि म्हणून दर वर्षी कुणीतरी त्या वापरतं. तपकिरी करवंटीत हिरवा आणि गुलाबी यांतला फरक दिसत नाही. बर्फाचे पांढरे ट्रे गटाला एक याप्रमाणे मिळाले तर सगळ्यांत सोपं, एका ट्रेमध्ये पाचही नमुने बसतात. कोकमाचं आगळ नमुना म्हणून घ्यायचा मोह होतो. ते आम्लधर्मी आहे हे खरं, पण मुळातच लाल असल्याने रंग बदललेला कळत नाही. ते तोंडी प्रश्नाला ठेवा.

वेळ अशी वाटा. वर्ग बसणं आणि कॅटलॉग ३ मिनिटं. सोलकढी आंबट का लागते, साबणाचं पाणी बोटांना बुळबुळीत का लागतं, हे दोन प्रश्न ३ मिनिटं. साहित्य वाटणं ४ मिनिटं. प्रयोग १० मिनिटं. फळ्यावर तक्ता भरणं ७ मिनिटं. तपासणीचे प्रश्न ४, गृहपाठ २, आवराआवर २.

गडबड होते ती वाटण्याच्या चार मिनिटांत. तुम्ही एकेका गटाकडे जाऊन वाटत बसलात, तर सातव्या गटापर्यंत पोचेस्तोवर पहिल्या गटाने सगळं एकत्र ओतलेलं असतं. म्हणून आधी सूचना, मग साहित्य. सूचना फळ्यावर तीन ओळींत लिहायच्या, एका मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या, मग प्रत्येक गटातल्या एकालाच पुढे बोलवायचं. काही चाखायचं नाही आणि निवळीचा हात डोळ्यांना लावायचा नाही, ही सूचना पहिली. निवळी तुम्ही स्वतःच ड्रॉपरने घाला.

सोड्याच्या पाण्यात रंग चुन्याइतका हिरवा येत नाही, हिरवट येतो. एक गट म्हणेल हिरवा, दुसरा म्हणेल निळा. बरोबर उत्तर सांगून मोकळे होऊ नका. दोन्ही ट्रे शेजारी ठेवून सगळ्यांना बघू द्या, आम्लारी सौम्य आणि तीव्र असते हे तिथेच सापडतं. किनाऱ्याजवळची शाळा असेल तर कुणीतरी समुद्राचं पाणी आणतोच किंवा त्याबद्दल विचारतो. ते किंचित आम्लारिधर्मी असतं, पी.एच. साधारण ८.१. या अर्कात फरक जेमतेम दिसेल, हे आधी घरी करून बघितलेलं असावं. खरं तर सगळाच प्रयोग घरी एकदा पूर्ण करून बघितलेला असावा. फुलं मिळालीच नाहीत, तर हळदीचं पाणी लावून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या चालतात. त्या आम्लारीत तांबूस होतात, आम्लात बदलत नाहीत.

फळा आणि जुलै महिना

फळ्याचे मनात तीन भाग करा. डावीकडे तारीख, घटक आणि नवे शब्द, ते तास संपेपर्यंत पुसायचे नाहीत. मधला भाग कामाचा. उजवीकडे मुलांनी येऊन लिहायची जागा. अक्षर चार-पाच सेंटीमीटर उंच हवं. लिहिल्यावर स्वतः शेवटच्या बाकामागे जाऊन वाचून बघा. जुलैत भर दुपारी वर्गात अंधारून येतं आणि वीज गेलेली असते. तेव्हा अक्षर आणखी मोठं, शब्द निम्मे, आणि मागच्या दोन रांगा पुढे सरकवून दाटीने बसवायच्या. डोळे बारीक करणारी जी मुलं तुम्ही टिपली आहेत, ती आधी पुढे.

दमट हवेत खडू लिहीत नाही, नुसता घासतो. तुमचे चार-पाच खडू घट्ट झाकणाच्या डब्यात घरून न्या. पावसात फळ्याला घाम येतो, तो सुक्या जुन्या सुती कापडाने पुसा. ओल्या फडक्याने पुसलेला फळा दहा मिनिटांतही वाळत नाही. तक्ता भिंतीला चिकटपट्टीने लावला तर तो मध्येच सुटून पडतो. खिळा आणि सुतळी बरी.

पत्र्यावर पाऊस आला की

पत्र्याच्या छपराखाली मोठी सर आली की दुसऱ्या बाकावरसुद्धा ऐकू जात नाही. नवीन शिक्षक ओरडून शिकवायला लागतो. तिसऱ्या दिवशी घसा बसतो, आणि मुलांच्या कानावर पडतं ते फक्त त्याचं ओरडणं. प्रत्येक टाचणाला एक पावसाचं काम जोडून ठेवा: आवाज न करता १० मिनिटं चालेल असं, त्याच घटकातलं. फळ्यावर तीन प्रश्न लिहून वहीत उत्तरं, किंवा पुस्तकातला परिच्छेद वाचून दोघांत मिळून दोन प्रश्न तयार करणं, किंवा आकृती काढून नावं देणं. सर आली की फळ्याकडे बोट दाखवायचं आणि बाकांमधून फिरायला लागायचं. या दहा मिनिटांत वह्यांत जे दिसतं ते तोंडी प्रश्नांतून कधी दिसत नाही. सर ओसरली की जिथे होतो तिथून पुढे. मुलांना ही सवय दोन वेळांत लागते.

घरची बोली

“बाई, माका कळला नाय” असं मूल म्हणालं, तर त्याने तुम्हाला फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. त्या क्षणी “माका नाही, मला म्हण” असं दुरुस्त केलंत, तर यापुढे ते कळलं नाही हेच सांगणार नाही. तोंडी उत्तर मालवणीत आलं, आगरीत आलं, संगमेश्वरी वळणाने आलं, तरी आशय बरोबर असेल तर बरोबर म्हणा आणि फळ्यावर लिहिताना प्रमाण मराठीत लिहा. मूल दोन्ही शेजारी बघून शिकतं. लेखी उत्तरात मात्र परीक्षेची भाषा लागते. तिथली दुरुस्ती वहीत, एकट्यापुरती करा. तुम्ही घाटावरून आला असाल आणि एखादा शब्द कळला नाही, तर मुलांनाच विचारा. त्यांना तो समजावून सांगायला आवडतो. पण वर्ग हसला म्हणून त्या मुलाच्या बोलण्यावर तुम्ही हसू नका, एकदाही नाही.

प्रश्न विचारताना

“समजलं का?” या प्रश्नाला “हो सर” असं उत्तर कोरसमध्ये येतं आणि त्याचा काही अर्थ नसतो. प्रश्न आधी सगळ्या वर्गाला विचारा, मनात पाचपर्यंत मोजा, मग एक नाव घ्या. नाव आधी घेतलं की बाकीचे ४१ जण सुटले. पाच सेकंदांची शांतता नवीन शिक्षकाला फार लांब वाटते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. पहिल्या आठवड्यातली ही सगळ्यांत मोठी चूक. या वयात मुलं चुकायला घाबरत नाहीत, सगळ्यांसमोर चुकायला घाबरतात. म्हणून आधी वहीत लिहायला लावा, फिरून बघा, आणि ज्याचं बरोबर आहे पण जो कधी बोलत नाही त्याला वाचायला सांगा.

वर्ग हातातून सुटतो तेव्हा

गोंधळ बहुतेक वेळा एका कामातून दुसऱ्या कामात जाताना होतो: पुस्तक ठेवून वही काढताना, गट करताना, साहित्य गोळा करताना. तुम्ही अर्धी सूचना दिलेली असते आणि मुलं हललेली असतात. उपाय साधा आहे. सगळे थांबेपर्यंत बोलायचं नाही, मग एका वेळी एकच सूचना. आवाज चढवण्याऐवजी त्या बाकाशेजारी जाऊन उभं राहा आणि शिकवणं चालू ठेवा. नाही थांबलं तर एकदा नाव घ्या. तरीही नाही, तर काम द्या, फळ्यावर पुढची पायरी लिहायला बोलवा. तासानंतर दोन मिनिटं बाजूला घेऊन विचारा, इतरांच्या देखत नाही. पहिल्या आठवड्यात मुलं तुम्हाला चाचपून बघणार, नाव ठेवणार, मागून आवाज काढणार. त्यात तुमच्याबद्दलचा राग नसतो. मुलगा आणि मुलगी एका बाकावर बसवणं ही शिक्षा म्हणून कधीही वापरू नका. या वयात त्याचं चिडवणं महिनाभर चालतं, आणि ते मुलीला जास्त भोगावं लागतं.

मारणं नाही. उठाबशा नाहीत, अंगठे धरून उभं करणं नाही, रंगावरून, जातीवरून, वडिलांच्या धंद्यावरून किंवा दारूवरून बोलणं नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. शाळेतले जुने शिक्षक हातात पट्टी ठेवत असले तरी तुम्ही ठेवू नका. वर्गाबाहेर उभं करणंही टाळा. मूल तिथून निघून गेलं तर शोधायचं कुठे? शाळेमागे विहीर असते, व्हाळ असतो, महामार्ग असतो.

काही गोष्टींत ढिलाई नको

मुलांना स्वतःचा मोबाइल नंबर देऊ नका, त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जाऊ नका. पाठाचे फोटो मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय काढू नका, आणि कॉलेजच्या फाइलसाठी काढलेले फोटो स्टेटसला ठेवू नका. एकट्या मुलाशी किंवा मुलीशी बोलायचं असेल तर दार उघडं ठेवून किंवा व्हरांड्यात, चार लोकांच्या नजरेत. तुम्ही २२-२३ वर्षांचे असता आणि नववीची मुलं तुम्हाला ताई-दादा मानायला टपलेली असतात. सर किंवा बाई म्हणूनच राहा.

एखादं मूल घरातल्या किंवा वाटेवरच्या त्रासाबद्दल काही सांगू लागलं, तर मध्ये न तोडता ऐका. “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. खोदून प्रश्न विचारू नका, त्याच्या शब्दांत दोन ओळी लिहून ठेवा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते बंधन तुमच्यावरही आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक पाठ असू द्या.

वह्या

४२ वह्या, प्रत्येकीला दोन मिनिटं, म्हणजे ८४ मिनिटं. रोज हे जमत नाही. म्हणून गृहपाठात तीन प्रश्न दिले तरी नीट तपासायचा एकच, आणि तो कोणता ते मुलांना आधी सांगायचं नाही. शुद्धलेखनाच्या सगळ्या चुकांवर लाल गोल केले तर पान रक्ताळतं आणि मूल एकही वाचत नाही. या आठवड्यात फक्त अनुस्वार, पुढच्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ, असं धरा. वह्या दुसऱ्या दिवशी परत गेल्याच पाहिजेत. बसमधून वह्यांचा गठ्ठा नेणार असाल तर आधी पिशवी.

तारखा पाहून पाठ लावा

निरीक्षणाचे पाठ, म्हणजे प्राध्यापक येऊन बघतात ते, ठरवताना हाताशी गावचं पंचांग हवं. रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात, त्यामुळे जुलैतल्या प्रत्येक पाठाला पर्यायी तारीख ठेवा. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या की कोळीवाड्यातली काही मोठी मुलं बंदरावर दिसू लागतात. गणपतीत शाळेला सुट्टी असतेच, पण आधीचे दोन दिवस चाकरमान्यांच्या येण्याचे आणि नंतरचे दोन दिवस जागरणाच्या झोपेचे. तेव्हा नवा घटक सुरू करू नका, उजळणी घ्या. सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा लागतात आणि दशावतार रात्रभर चालतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला अर्धा वर्ग पेंगतो. शिमग्यात पालखी गावात फिरत असताना पट निम्म्यावर येतो. यातल्या कुठल्याही दिवशी प्राध्यापकांना पाठ बघायला बोलावलंत, तर बिचाऱ्या मुलांकडून नको ती अपेक्षा केल्यासारखं होतं.

रोजचं वेळापत्रकही पाहा. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत असतो. जेवणानंतरचा तास आठवीत जड जातो, त्यात वाचन नको, हाताने करायचं काम ठेवा.

निरीक्षणाचा पाठ, आणि शाळा सोडताना

टाचण मार्गदर्शक शिक्षकांना एक दिवस आधी दाखवा, पाच मिनिटं आधी नाही. पाठ बघायला कुणी मागे बसलं आहे म्हणून आदल्या दिवशी झालेलाच पाठ पुन्हा घेऊ नका, किंवा हुशार मुलांना उत्तरं सांगून ठेवू नका. मुलांना ते कळतं, आणि त्यांचा एक तास त्यात गेलेला असतो. फळ्यावर चूक झाली तर “इथे माझं चुकलं” म्हणून त्यावर रेघ मारा आणि शेजारी बरोबर लिहा. उत्तर येत नसेल तर उद्या सांगते म्हणा, आणि उद्या कुणी न विचारता सांगा. मार्गदर्शकांची चूक दिसली तर स्टाफरूममध्ये, एकांतात. पाठानंतरच्या चर्चेत दहा सूचना मिळतात. त्यातली एकच निवडून पुढच्या पाठात बदला आणि त्या संध्याकाळी टाचणाच्या मागच्या पानावर पाच ओळी लिहा: कुठे वेळ गेला, कोणता प्रश्न फसला, कोण पहिल्यांदा बोललं.

शेवटच्या आठवड्यात नवा घटक काढू नका. सुरू केलेला पूर्ण करा. जाताना विषयशिक्षकांच्या हाती एक पानी कागद द्या: कोणते घटक झाले, कोणत्या उपघटकापर्यंत आलो, चाचणीत कुठला प्रश्न बहुतेकांचा चुकला, कोणत्या पाच-सहा मुलांना काय अजून अडतं आहे. बाकांचा तो नावांचा कागदही सोबत जोडा, त्यावर आता पुष्कळ काही लिहिलेलं असेल. पुढची बॅच आली तर त्यांना उपयोगी पडतील असे तक्ते पाइपसकट शाळेत ठेवा. प्रयोगशाळेची किल्ली, ग्रंथालयाची पुस्तकं आणि तपासून तुमच्याकडेच राहिलेल्या वह्या त्याच दिवशी परत करा.